प्लिन : चिमटा, चिमटी की मुरड?

इटलीतल्या पिएमाँते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या खाण्यापिण्यावरचा लेख मराठीत आणतेय आणि 'आन्योलोत्ती देल प्लिन'पाशी गाडं अडलंय. आन्योलोत्ती म्हणजे सारण भरलेला पास्ता. 'प्लिन' हा तिथल्या बोलीतला शब्द, अर्थ चिमटा. पण 'चिमट्याची आन्योलोत्ती' म्हटलं की डोळ्यांपुढे गॅसवरचा चिमटाच येतो. 'मुरड' चालेल?

— मुरड नको, ताई. ती कडेनं वळत जाते. शिवाय मुरडीचा कानवला म्हटला की गेलेलं माणूस परत येण्याची गोष्ट आलीच, ती इथे उगाच घुसेल. हे करतात कसं, ते सांगा.

— पातळ लांब पट्टी लाटतात. तिच्यावर ओळीनं बोराएवढे सारणाचे गोळे. सारण भाजलेल्या मांसाचं नि पालेभाजीचं, बरेचदा आदल्या जेवणातलं उरलेलं. पट्टी दुमडून दोन गोळ्यांच्या मधे अंगठा नि तर्जनीनं दाबायचं, हेच प्लिन. मग कातण्यानं कापायचं.

— मग 'चिमटी'च! चिमटा एक तर अवजार, नाही तर अंगाला काढायचा. चिमटी बोटांची, रांगोळी सोडतो ती. आणि 'कातणं' लिहिलंत, बरं वाटलं. आमच्याकडे आता सगळे 'कटर' म्हणतात.

— चिमटी म्हणजे चिमूटभर असं नाही का वाटणार?

— 'चिमटीची' लिहा, 'चिमटीभर' नव्हे. एवढ्यानं भागतं.

— ठरलं, चिमटीची. आता 'कार्दो गोब्बो'. नित्झा मोनफेर्रातोकडची भाजी, आर्टिचोकच्या कुळातली, देठ खायचे. गोब्बो म्हणजे कुबडा. उन्हाळा सरताना रोप वाकवून मातीनं झाकतात. उजेड नसल्यानं देठ पांढरे, कोवळे होतात आणि वर यायच्या धडपडीत त्यांना बाक येतो. हे कच्चे देठ 'बान्या काउदा'त बुडवून खातात. लसूण नि खारवलेले अँचोव्ही मासे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेलं ते गरम कालवण. 'कुबडी कार्दो' लिहू?

— कुबडी म्हणजे काखेतली काठी! 'बाकदार कार्दो' लिहा.

— मी तिसरी, मधेच बोलते. बाकदार फारच सभ्य झालं. शेतकऱ्यानं ठेवलेलं नाव आहे, 'पोक्या कार्दो' म्हणा. मला तरी लगेच दिसला.

— पोक्या! घेतला. शेवटचं, वाइनला 'द्राक्षासव' सुचवलंय एकांनी.

— ते आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतं, दोन चमचे जेवणानंतर. वाइनच ठेवा. नेब्बिओलो द्राक्षाचं नाव मात्र उलगडून सांगा. नेब्बिया म्हणजे धुकं, त्यावरून ते आलं असं मानतात. ऑक्टोबरात तोडणीच्या दिवसांत त्या टेकड्यांवर धुकं उतरलेलं असतं.

— त्याच द्राक्षाची बारोलो वाइन. किमान 38 महिने ठेवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. मी 'परिपक्व करतात' लिहिलंय.

— खोडा. 'मुरवतात'.