इंदूर: गणेशोत्सवात 'गाण्यामागची गोष्ट' कार्यक्रम. कुठली गाणी घ्यावीत?

रामबागवाली

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी दोन तास गाण्यांचा कार्यक्रम करायचा ठरलाय. निवेदन माझ्याकडे आहे. गाणारे सगळे घरचेच, आठ-नऊ जण. पेटी-तबला आहे, कराओके नको असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ऐकायला सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतात, तशी मराठी कळते पण वाचता येत नाही अशी नव्या पिढीची पोरंही असतात. म्हणून नुसती गाणी न म्हणता प्रत्येक गाण्याआधी त्याची गोष्ट दोन मिनिटांत सांगायची, अशी कल्पना आहे.

गेल्या वर्षी हाच प्रयोग थोडक्यात केला होता आणि माझ्या हातून एक चूक झाली. फोनवर फिरत आलेला मजकूर मी तसाच वाचला. कवी भा. रा. तांब्यांनी आपली कविता लताबाईंच्या आवाजात पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, असं त्यात होतं. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा हळूच जवळ आले आणि म्हणाले, "बाळ, तांबे १९४१ साली गेले. लता तेव्हा बारा वर्षांची होती, सिनेमात गायला तिने १९४२ पासून सुरुवात केली." ती गोष्ट ऐकून टाळ्या पडल्या होत्या. खोट्या गोष्टीवर मी लोकांचे डोळे ओले केले, हे वर्षभर मनाला लागून राहिलंय.

तर या वेळी मला हवीत खात्रीच्या गोष्टी असलेली गाणी. इंदूर-माळव्याशी नातं असेल तर फार उत्तम. आणि घरगुती गळ्यांना झेपतील अशी. सुचवा.

माळवी_माणूस

ताई, इंदुरात कार्यक्रम आणि 'शुक्रतारा मंद वारा' नाही, असं होऊच नये.

अरुण दाते आपल्या इंदूरचे, जन्म १९३४. मूळ नाव अरविंद. वडील रामूभैया दाते, ज्यांना अख्खा महाराष्ट्र रसिकाग्रणी म्हणून ओळखायचा. मोठमोठे गवई त्यांच्या घरी येऊन गायचे. अरुणने गाण्याचे पहिले धडे देवासच्या कुमार गंधर्वांकडे घेतले, पुढे के. महावीर यांच्याकडे शिकला. शिक्षणाने तो टेक्स्टाइल इंजिनिअर, आणि गायचा तो गझल, उर्दू-हिंदी.

संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी कवी पाडगावकरांच्या या गीतासाठी त्याला विचारलं, तर त्याने नाही म्हटलं. कारण काय? आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार हिंदी वळणाचे, महाराष्ट्रातल्या लोकांपुढे ते कसे चालतील! खळ्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून ते गाणं झालं. पुढे शेकडो कार्यक्रम त्याच गाण्याच्या नावाने झाले.

दुसरी बाजूही सांगाच. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा दिल्लीच्या, म्हणजे त्यांचीही मातृभाषा मराठी नाही. १९५९ च्या 'दीदी' चित्रपटात संगीतकार एन. दत्ता आजारी पडले तेव्हा साहिरच्या 'तुम मुझे भूल भी जाओ'ला चाल लावणाऱ्या त्या हीच. एवढं मराठी वाटणारं द्वंद्वगीत, आणि गाणाऱ्या दोघांपैकी एकही पुण्या-मुंबईच्या मराठीत वाढलेला नाही. आपल्या पोरांना हे कळायला हवं.

ग्रंथपाल_निवृत्त

रामबागवाली, त्या आजोबांचं बरोबरच होतं. पण चूक एका वाक्याची होती, म्हणून तांब्यांना यादीतून काढू नका. उलट यंदा त्यांनाच नीट मांडा.

तांबे ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी. त्यांचं आयुष्य देवास, ग्वाल्हेर असं आपल्याच मुलखात गेलं. त्यांच्या कवितासंग्रहात अनेक कवितांखाली ठिकाण आणि तारीख छापलेली असते, 'लष्कर-ग्वाल्हेर' असा उल्लेख वारंवार भेटतो. म्हणजे जी कविता महाराष्ट्रातल्या शाळांत शिकवली गेली, ती लिहिली गेली चंबळच्या अलीकडे. निवेदनात तो पत्ता वाचून दाखवा, समोरच्यांना वेगळंच वाटेल.

आता चालींबद्दल. 'मधु मागशी माझ्या सख्या परी', 'जन पळभर म्हणतील', 'कळा ज्या लागल्या जीवा' ही वसंत प्रभूंची. 'घन तमी शुक्र बघ', 'तिन्ही सांजा सखे मिळाल्या', 'मावळत्या दिनकरा' ही हृदयनाथांची. सगळी लताबाईंनीच गायलेली. दोन संगीतकारांनी एकाच कवीकडे किती वेगळ्या कानांनी पाहिलं ते ऐकण्यासारखं आहे. प्रभूंची चाल शब्दांचा हात धरून सरळ चालते, हृदयनाथांची मध्येच दरीत उतरते. घरगुती गायकांना प्रभूंचीच द्या. 'घन तमी' सोपं वाटतं आणि अंतऱ्यात फसवतं.

'मधु मागशी'ची गोष्ट म्हणून वेगळं काही शोधायला नको, ती कवितेतच आहे. उतारवयाचा कवी सांगतोय की आजवर भरभरून दिलं, आता घरी घट रिकामे पडलेत. कवितेचा अर्थ दोन वाक्यांत सांगितलात तर आजी-आजोबांच्या डोळ्यांत खरं पाणी येईल.

देवासकर

कुमारजींशिवाय माळव्याचा कार्यक्रम पुरा होणार नाही, म्हणून लिहितो आहे.

१९४८ साली कुमार गंधर्व देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी. मूळचे बेळगावकडच्या सुळेभावीचे, नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, घरची भाषा कन्नड. लहानपणीच मैफिली गाजवलेल्या या माणसाला डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. पाच-सहा वर्षं गेली. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध मिळालं. अंथरुणात पडल्या पडल्या कानांवर काय येत होतं? माळवी बायकांची गाणी, फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजनं. बरे झाल्यावर त्यांनी त्यातूनच नवी वाट काढली. मी देवासला वाढलो. टेकडीच्या पायथ्याचं ते 'भानुकुल' घर शाळेत जाता-येता रोज दिसायचं.

तुमच्यासाठी गाणं: 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी'. 'देव दीनाघरी धावला' या नाटकातलं, शब्द बाळ कोल्हटकरांचे, संगीत वसंत देसायांचं. सोबत गायल्या वाणी जयराम, वेल्लोरच्या तमिळ घरातल्या. याच गाण्यानंतर देसायांनी त्यांना 'गुड्डी'त (१९७१) 'बोले रे पपीहरा' दिलं आणि हिंदीत त्यांचं नाव झालं. वर माळवी_माणूस यांनी शुक्रताऱ्याबद्दल लिहिलंय, तसंच इथेही. एक कन्नड, एक तमिळ, आणि गाणं असं की मराठी लग्नघरात अजून वाजतं.

निर्गुणी भजन मात्र घेऊ नका, असं माझं मत. कुमारांच्या गायकीची नक्कल होते आणि भजन हरवतं.

तबल्याची_थाप

देवासकरांनी वसंत देसाई म्हटलं म्हणून धागा पुढे नेतो. त्याच देसायांनी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटाचं शीर्षकगीत गाऊन घेतलं ते आपल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून, अडाणा रागात. इंदूर घराणं ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते अमीर खाँ. त्यांचे वडील शाहमीर खाँ इथे होळकर दरबारी होते.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 'बैजू बावरा'ची (१९५२). संगीतकार नौशादने तानसेन आणि बैजूची जुगलबंदी देसी रागात बांधली. तानसेनाचा आवाज अमीर खाँ, बैजूचा आवाज द. वि. पलुस्कर. कथेप्रमाणे तानसेन हरतो. आता बघा, तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला, आणि त्याला हरवणारे पलुस्कर स्वतः ग्वाल्हेर गायकीचे, विष्णु दिगंबरांचे चिरंजीव! इंदूरच्या खाँसाहेबांनी ग्वाल्हेरच्या तानसेनासाठी गळा दिला आणि हारही पत्करली. पलुस्कर पुढे तीनच वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी गेले. खाँसाहेब १९७४ मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात गेले.

हे गायचं कुणी, हा प्रश्न आहेच. जुगलबंदी म्हणू नका, मूळ रेकॉर्ड दोन मिनिटं ऐकवा आणि गोष्ट सांगा. दिवे थोडे मंद करून. लोक ऐकतात, मी आमच्या मंडळात करून पाहिलंय.

रामबागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. अडाणा आणि देसी ऐकत बसले, भाजी करपली, पण संध्याकाळ सोन्यासारखी गेली.

दोन शंका. लताबाई सिख मोहल्ल्यात जन्मल्या, २८ सप्टेंबर १९२९, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यापलीकडचं काही सांगता येईल का? आणि किशोरकुमारची 'पाँच रुपैया बारा आना'ची गोष्ट घ्यावी का? आमच्याकडचे एक काका ख्रिश्चन कॉलेजचे, त्यांचा फार आग्रह आहे.

ग्रंथपाल_निवृत्त

लताबाईंचं नाव आधी हेमा होतं. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकात वडील दीनानाथ लतिकेची भूमिका करायचे, त्या लतिकेवरून मुलीचं नाव लता झालं. बाप नाटकात स्त्रीपार्ट करणारा, आणि त्या पात्राचं नाव मुलीला मिळालं, एवढंच सांगितलं तरी पुरे.

गाणं मात्र 'आनंदघन'चं घ्या. १९६० साली 'राम राम पाव्हणं'ला त्यांनी स्वतः संगीत दिलं. त्यानंतर भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या टोपणनावाने दिलं: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'साधी माणसं'ला संगीताचा राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच, हे लोकांना कळलं. त्यातलं 'ऐरणीच्या देवा तुला' बायकांच्या समूहाला छान जमेल. शब्द जगदीश खेबुडकरांचे.

किशोरकुमारबद्दल. ते ख्रिश्चन कॉलेजात शिकले हे पक्कं. कँटीनची तेवढीच उधारी राहिली होती, ही गोष्ट इंदुरात सगळे सांगतात. पण 'चलती का नाम गाड़ी'तलं (१९५८) ते गाणं लिहिलंय मजरूहने, आणि चित्रपटात ते पैसे गाडीच्या दुरुस्तीचे आहेत. म्हणून "आपल्या कॉलेजात असं सांगतात" एवढं म्हणून मग गाणं सुरू करा. काकांना राग येणार नाही आणि तुम्हाला वर्षभर लागून राहणार नाही.

बडनगरची_सून

एक नाव राहिलं. कवी प्रदीप आमच्या बडनगरचे, म्हणजे इंदूरपासून काही तासांच्या आतलेच. खरं नाव रामचंद्र द्विवेदी. 'ऐ मेरे वतन के लोगों' त्यांचं, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे रामचंद्र चितळकर, पुणतांब्याचे. कवी रामचंद्र, संगीतकार रामचंद्र, गायिका इंदूरला जन्मलेली. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर ते गायलं गेलं. मराठी कार्यक्रमात हिंदी गाणं नको असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

माळवी_माणूस

हिंदी एकच ठेवा, शेवटी. आपल्याकडे वर्षभर हिंदीच कानावर असतं. गणपतीचे दहा दिवस तरी मराठी गाणं जास्त हवं.

सुदामानगर_आई

मी इथे सहसा फक्त वाचते. माझी लेक सोळा वर्षांची आहे, आवाज चांगला आहे, पण मराठी गाणं म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका लग्नात तिच्या 'च' आणि 'ज'वरून भावंडं हसली होती, तेव्हापासून. काल रात्री तिला हा धागा वाचून दाखवला. अरुण दात्यांचं ऐकून तिने पुन्हा विचारलं, "तेपण घाबरले होते?" आज सकाळी तिने स्वतःहून 'शुक्रतारा' लावलं आणि सोबत गुणगुणत होती. तिला 'चांदणे'चा उच्चार कसा करायचा, हे कुणी समजावून सांगेल का?

ग्रंथपाल_निवृत्त

मुलीला सांगा, 'चांदणे'तला 'च' 'चमचा'तल्या 'च'सारखा. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवायची. 'चंद्र'मधला 'च' वेगळा, तो हिंदीतल्यासारखाच, तो तिला येतोच. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा वेळा म्हणायला लावा, फरक जिभेला आपोआप कळेल.

रामबागवाली

ताई, तिला आणाच. 'शुक्रतारा'तली पुरुषाची बाजू गाणारा आमच्याकडे आहे, सांभाळून घेणारा आहे, पण त्याची पट्टी (गायचा मूळ सूर) काळी एक आहे. तिची कुठली? दोघांना मिळून जमेल ती पट्टी पेटीवर बघू. तालीम रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे. आधी पोहे-जिलबी, मग गाणं.