रोज एक खण, पण सामान घराबाहेर जायला हवं

घर आवरताना रोज कपाटाचा एकच खण आवरायचा, हा सल्ला मला मनापासून पटला. त्यात एक भर घालते. काढलेलं सामान पिशवीत भरून गॅलरीत ठेवलं, तर पसारा फक्त जागा बदलतो. म्हणून खण उघडण्याआधीच ठरवा, यातलं काय कुठे जाणार. रद्दीचं सोपं आहे. कपडे धुऊन, बटणं लावून 'गूंज'सारख्या संस्थेला देता येतात; काही भागांत बोहारीण अजून येते.

औषधांच्या डब्याला मात्र एक अख्खा दिवस द्या. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यावर साधारण २८ दिवसच वापरायचे असतात, छापलेली तारीख कितीही पुढची असो. उघडल्याची तारीख बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा. स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखावा, नाहीतर उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कळत नाही.

जुने मोबाइल, चार्जर, सेल नेहमीच्या कचऱ्यात नकोत. लिथियम बॅटरी दाबली गेली की पेटू शकते आणि ती हाताळणारा माणूस भाजतो. ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्या. मोबाइल देण्याआधी सिम काढा, फॅक्टरी रीसेट करा.

आणि कृपा करून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटाला त्यांच्या पाठीमागे हात लावू नका. त्यांच्या शेजारी बसून एकच गाठोडं सोडा. त्या दिवशी काहीच बाहेर गेलं नाही तरी चालेल.