तालुक्याच्या आयटीआयने कुणासाठी शिकवायचं, कारखान्यासाठी की पोरांसाठी?

गिरमिट
केंद्राने मे २०२५ मध्ये आयटीआय सुधारणेची योजना मंजूर केली. १००० सरकारी आयटीआय, त्यात २०० 'हब' (मुख्य केंद्रं) आणि ८०० 'स्पोक' (त्यांना जोडलेल्या संस्था), एकूण ६० हजार कोटी, आणि कारभारात उद्योगांचा थेट सहभाग. त्यावरून हा धागा.

माझं मत सरळ आहे. ग्रामीण आयटीआयने आजूबाजूला काय चालतं ते पाहून ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, ठेवावेत. ऊसपट्ट्यातल्या तालुक्यात साखर कारखाना असतो, गावोगावी दुधाचे बल्क कूलर (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या) असतात, ट्रॅक्टरची वर्कशॉप असतात, सौर पंप बसवणारे असतात. आयटीआयमध्ये मात्र ठरलेली पंगत: इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर). बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) जळला तर ४ अंशांवर ठेवायचं दूध काही तासांत नासतं आणि मेकॅनिक येतो जिल्ह्याच्या गावाहून. अशा ठिकाणी इलेक्ट्रिशियनची तिसरी तुकडी काढण्यापेक्षा रेफ्रिजरेशन-एसीची पहिली काढा.

मायक्रोमीटर
असहमत. आधी हिशोब करू.

तुकडी २४ जणांची. रेफ्रिजरेशन-एसी २ वर्षांचा ट्रेड, म्हणजे तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी २४ मुलं बाहेर पडणार. तालुक्यातल्या सगळ्या कूलरना मिळून चांगले मेकॅनिक लागतील आठ, फार तर दहा. पहिल्याच तुकडीत बाजार भरला. पुढच्या वर्षीच्या पोरांनी काय करायचं?

आणि ट्रेड म्हणजे नळ नव्हे, हवा तेव्हा सोडला, हवा तेव्हा बंद केला. संलग्नता लागते, अभ्यासक्रमातल्या यादीप्रमाणे यंत्रं, जागा, वीजभार दाखवावा लागतो, निदेशकाचं (शिकवणाऱ्याचं) पद मंजूर होऊन भरावं लागतं. यात शेवटचं सगळ्यात अवघड. पद न भरता ट्रेड सुरू झाला की शेजारच्या शॉपचा (कार्यशाळेचा) निदेशक 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून हजेरी घेतो आणि मुलं दोन वर्षं कंडेन्सर फळ्यावर बघतात. कारखाना आज मागणी करेल, पाच वर्षांनी तोट्यात जाईल किंवा भाड्याने चालवायला देईल. फिटर मात्र चाकणला चालतो, गुजरातेत हलोलला चालतो, जहाजावरही चालतो. गावच्या पोराला गावात अडकवणारं शिक्षण मला नको.

दुसरी_पाळी
मागणी करणाऱ्या, म्हणजे कारखान्याच्या बाजूने लिहितो. ट्रेडच्या नावावरून भांडण फुकट आहे. फिटर चालतो हो, पण तो फिटर असायला हवा.

पंप-मोटरची अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणणं, घ्या. आयटीआय झालेल्या मुलाला डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळासारखं साधन) म्हणजे काय ते पाठ असतं. कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) लावायला सांगितलं की थेट वाचन घ्यायला लागतो. आधी सॉफ्ट फूट, म्हणजे यंत्राचा एखादा पाय नीट टेकलेला नाही का, ते बघायचं असतं हे माहीत नसतं. चारही पाय आवळायचे, एकेक बोल्ट सैल करायचा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर आधी तिथे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालायची, मगच वाचन. हे सोडलं तर वाचन छान येतं, बोल्ट पक्के आवळले की पुन्हा बिघडतं, आणि महिन्याभरात बेअरिंग ओरडायला लागतं. डायल गेज बहुतेक शॉपमध्ये असतोच. कुलपात. डेडस्टॉक रजिस्टरवर नाव असलेली वस्तू मोडली तर वसुली निघते, म्हणून कुणी बाहेर काढत नाही.

वेल्डरचंही तेच. सराव ३.१५ मिमीच्या ई-६०१३ रॉडने, प्लेट टेबलावर आडवी. कामावर उभी जोडणी, डोक्यावरची जोडणी आणि बहुतेक ठिकाणी सीओटू (रॉडऐवजी तार आणि वायू वापरून केलेलं वेल्डिंग). ई-७०१८ रॉड ३००-३५० अंशांवर भाजून मग वापरायचा असतो, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जाऊन तडा देतो. हे परीक्षेत लिहितील, पण भट्टी चालू केलेली क्वचितच कुणी पाहिलेली असते.

गिरमिट
मायक्रोमीटर, तुकडीचा हिशोब बरोबर आहे. मग ट्रेड बदलू नका, कॅलेंडर बदला. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तास कामावरचं प्रशिक्षण आहे, म्हणजे ८ तासांचे जेमतेम १९ दिवस. ते पाठवतात कधी? संस्थेला सोयीचं असेल तेव्हा, बहुधा ऐन गाळपात. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. तेव्हा मिल बंद ठेवणं कुणाला परवडत नाही, मग पोरगा कोपऱ्यात उभा राहून आवाज ऐकतो.

खरं शिक्षण ऑफ सीझनला. पहिल्या वर्षाची मुलं मे महिन्यात पाठवा: रोलर बाहेर निघतात, बेअरिंग उघडी पडतात, झीज मोजता येते. दुसऱ्या वर्षाची ऑगस्ट-सप्टेंबरला, सत्र सुरू झाल्याझाल्या: तेव्हा जोडणी, ट्रॅश प्लेटचं (रोलरांमधून चिपाड पुढे नेणाऱ्या प्लेटचं) सेटिंग, कपलिंग अलाइनमेंट आणि ट्रायल. दुसऱ्या वर्षाच्या फिटर अभ्यासक्रमात बेअरिंग, गिअर, वंगण, यंत्र उभारणी आहेच. याला वरून मंजुरी नको, दोन पत्रं पुरे. मुलं १९ दिवसांवर जास्त थांबावीत असं वाटत असेल तर ड्युअल पद्धत आहे, म्हणजे काही शिक्षण आयटीआयत, काही उद्योगात. २०१९ च्या सुधारणेनंतर २ वर्षांच्या ट्रेडला ६ ते १२ महिने उद्योगात देता येतात.

कडबाकुट्टी
पत्रं दोन पुरे, एसटीचं काय? कारखाना गावाबाहेर आठ-दहा किलोमीटर आणि पास मिळतो घर ते आयटीआय एवढाच. गाडी कोण सोडणार ते आधी ठरवा, मग ट्रॅश प्लेट.

मायक्रोमीटर
कडबाकुट्टी यांना +१.

कॅलेंडरचा मुद्दा मान्य. भीती 'सहा ते बारा महिने' या शब्दांची आहे. शिकाऊ माणूस कामगार नसतो असं १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदाच म्हणतो. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे आणि पुढे कायम करण्याचं बंधन नाही. भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला पहिल्या वर्षी किमान ७००० विद्यावेतन होतं, त्यातले १५०० पर्यंत केंद्र द्यायचं. म्हणजे साडेपाच हजारांत तयार हात. ड्युअलमधल्या मुलाला, जो अजून पासही झालेला नाही, तेवढंही मिळेलच असं नाही. एक गेला की दुसरा येतो. पॅकिंगला, झाडलोटीला, बॅगा मोजायला लावलेला फिटर ट्रेनी दिसला नाही असं कुणी छातीठोक सांगावं.

आणि गिरमिट, ऑफ सीझनचं सगळंच काम शिकाऊला मिळणार नाही. बॉयलरच्या ट्यूबला आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमांची) वेगळी परीक्षा दिलेलाच वेल्डर हात लावू शकतो. तिथे ट्रेनी फार तर ग्राइंडिंग करेल.

दुसरी_पाळी
बॅगा मोजायला लावतात, खरं आहे. कारण आयटीआयचा माणूस फिरकत नाही. करार होतो, फोटो निघतो, निदेशक पहिल्या दिवशी मुलं सोडतो आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट न्यायला येतो. मेंटेनन्सच्या सुपरवायझरला या मुलाला काय येतं, काय शिकवायचं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. तो मोकळा हात दिसला की जवळ पडलेलं काम देतो.

यादी द्या. एका पानावर, दहा कामं: दोन बेअरिंग काढून बसवणं, एक ग्लँड पॅकिंग (पंपाची गळती अडवणारं), एक अलाइनमेंट वाचनासकट, एक व्ही-बेल्ट ताण, असं. प्रत्येकासमोर सुपरवायझरची सही आणि तारीख. डायरीत 'मेंटेनन्स केले' असं १९ वेळा लिहिलेलं असेल तर निदेशकाने मान्य करू नये.

मायक्रोमीटर
सही तर बॅगा मोजूनही मिळेल. यादीतलं एक काम निदेशकाने परत आल्यावर शॉपमध्ये करून घ्यावं, गुण त्याचे. पण त्यासाठी शॉपमध्ये जुना पंपसेट लागतो, आणि तो कारखान्याने भंगारात काढण्याआधी द्यावा. भंगाराचं टेंडर निघतं तेव्हा आयटीआयची आठवण कुणाला येत नाही.

दुसरी_पाळी
पंप मिळेल. सहकारी कारखान्यात त्याला संचालक मंडळाचा ठराव लागतो, म्हणून पत्र टेंडर निघायच्या आधी, एप्रिलमध्ये द्या. आणि पत्रात मोटरसह, बेसफ्रेमसह असं लिहा; नुसता पंप आला तर सॉफ्ट फूट कशाचा बघणार?

कडबाकुट्टी
आणि तो आणायला ट्रॅक्टर कुणाचा?