निष्कर्ष हाती नसताना संशोधन मांडावे का?

प्रश्न: मराठी बोलींच्या संगणकीय विश्लेषणावर माझे पीएच.डी.चे दुसरे वर्ष सुरू आहे. एसीएल या संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या विद्यार्थी संशोधन कार्यशाळेत केवळ आराखडा पाठवणे योग्य ठरेल का?

उत्तर १: अवश्य पाठवावा. तेथे प्रबंध-प्रस्तावही स्वीकारले जातात आणि निबंध सादर करण्यापूर्वी अनुभवी संशोधकाचे मार्गदर्शन मागता येते. मला हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण नमुने गोळा करण्याची पद्धत चुकत असेल तर ती आत्ताच सुधारता येते. प्रबंध लिहून झाल्यावर ती संधी उरत नाही.

उत्तर २: यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली असली, तरी आपल्या विद्यापीठाचे नियम पाहावेत.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. बोलींच्या सीमा कशा ठरवाव्यात, हाच प्रश्न मी तेथे मांडेन.