वय २४, साडेचार लाख साठलेत: दोन गुंठे घेऊ का दुसरं काही?

कडक_भाकरी: नमस्कार मंडळी, मी चिंचोळी एमआयडीसीत आहे, हातात २८ हजार पडतात, घर जुळे सोलापुरात वडलांच्या नावावर, तळमजलाच आहे. मित्र रील्स बघून डोकं खातोय की २५ च्या आत पहिली प्रॉपर्टी झालीच पायजे. एक एजंट होटगीच्या पुढं दोन गुंठे दाखवतोय साडेसहा लाखाला, "विमान सुरू झालंय, आता रेट बघा" म्हणून रोज फोन. फ्लॅटचं बजेट नाही. काय करू?

बाळेकर: एनए (बिगरशेती) आहे का ते विचार आधी. नसेल तर जिरायतीत २० गुंठ्याखालचा तुकडा म्हणजे तुकडेबंदी (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणारा कायदा) आली, त्यात तू खातेदार शेतकरी नसशील तर शेतजमीन घेताच येत नाही. मग हे लोक नोटरी करून देतात आन गोड बोलून पैसे घेतात. नियम सैल झालेत म्हणाला तर म्हणावं, आधी सातबाऱ्यावर माझं नाव चढवून दाखव, मग टोकन. आमच्या काकांनी २०१६ ला असंच घेतलं, अकरा जणात एक सातबारा. दर दिवाळीला जाऊन हद्दीचे दगड मोजून येतात, दरवेळी एक कमीच असतोय.

शेंगा_चटणी: सोपी टेस्ट सांगतो, बँकेत जाऊन त्या गुंठ्यावर कर्ज माग. मॅनेजर कागद बघून हसला की समजून जा 😄
आन भावा, घर आहे की तुझं! वर दोन खोल्या टाक. मी ३ वर्षांखाली टाकल्या, जागेचा खर्च शून्य, बांधकामाला आठ लाखाच्या आसपास गेले (निम्मं कर्ज), दोन्ही मिळून ९ हजार भाडं येतंय. महापालिकेची परवानगी काढूनच कर. आन टाकी मोठी बसव, इथं पाणी काही दिवसाआड येतं, भाडेकरू खोली बघायच्या आधी टाकी किती लिटरची ते विचारतो, खरंच सांगतोय. ११ महिन्यांचा करार रजिस्टर कर, चौकीत माहिती दे.

विजापूर_रोड: वरचं बरोबर, पण घर वडलांच्या नावावर आहे हे विसरू नको. बहीणभाऊ असतील तर आत्ताच बसून बोला, पैसे कुणाचे लागले ते कागदावर आणा, नंतर लै कडू होतंय. आन सगळे साडेचार लाख घालू नको, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव. प्रॉपर्टीची हौसच असेल तर डीमॅटवर रीटचं (लोकांच्या पैशातून मोठ्या इमारती घेऊन भाडं वाटणारा ट्रस्ट, शेअरसारखा विकत मिळतो) एखादं युनिट घे, एम्बसीचं २०१९ पासून बाजारात आहे, काही शे रुपयात येतं, शिकायला बरं.

कडक_भाकरी: एजंटला सातबारा मागितला, परवापासून फोन बंद 😅 काल गच्चीवर गेलो, वडलांनी २००९ ला घर बांधतानाच कॉलमचे गज वर सोडून ठेवलेत, गंजू नये म्हणून प्रत्येकावर पाण्याची बाटली उपडी घातलेली, मी लहानपणापासून ती बघतोय आन कधी विचारलं नाही. दोन-तीन तरी गंजलेत. इंजिनिअर रविवारी येतोय बघायला.