एमआयसी बघून पेप्टाइड बाद करू नका
एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, जास्त आली की जंतुरोधक पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेल्या जंतूंच्या थरावर, कुचकामी, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याच शरीरातलं एलएल-३७ हे पेप्टाइड घ्या. २००८ च्या अभ्यासात स्यूडोमोनास या जंतूची वाढ रोखायला मिलिलिटरला ६४ मायक्रोग्रॅम लागले, पण बायोफिल्म धरणं अर्ध्या मायक्रोग्रॅमलाच घटलं! जंतू मेले नाहीत, त्यांचं चिकटणं कमी झालं.

थर किती धरला हे बघायला इथे बडोद्यात आम्ही जंतू वाढवलेली खळग्यांची प्लेट क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवतो. कितीही धुतली तरी खळग्याच्या कडेला जांभळं कडं उरतं. पण हा रंग मेलेल्या पेशींना आणि चिकट आवरणालाही बसतो. म्हणून थर खरवडून जिवंत जंतूंच्या वसाहती मोजाच. जुना, मुरलेला थर मात्र वेगळा तपासा. तिथला ऋणभारित डीएनए धनभारित पेप्टाइडला वाटेतच अडकवतो.