‘द वायर’च्या आधी नुसतं चोर-पोलीस होतं म्हणे!

जर्सीकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, “‘द वायर’ या अमेरिकन मालिकेने पोलीस ठाणं पहिल्यांदा खरं दाखवलं, त्याआधी सगळा चोर-पोलिसांचा खेळ.” गप्प बसणार होतो, जमलं नाही. अहो, ‘द वायर’ २००२ची. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस ठाण्याचीच मालिका एनबीसी वाहिनीवर आली जानेवारी १९८१मध्ये! मी ८२ला न्यू जर्सीत उतरलो. एका खोलीत तिघं, टीव्ही रस्त्यावरून उचलून आणलेला. गुरुवारी रात्री दहाला कुणी भांडी घासायची नाहीत, असा करार होता. सुरुवात सकाळच्या हजेरीने. खचाखच खोली, हातात धरलेला हलता कॅमेरा, चार जण एकदम बोलतायत, कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. सार्जंट एस्टरहाउस कामं वाटून देणार आणि शेवटी सगळ्यांना थांबवून सांगणार, बाहेर सांभाळून राहा. आणि गुन्हा तासाभरात सुटलाच पाहिजे असली सक्ती नाही, प्रकरणं आठवडेच्या आठवडे लोंबकळायची.

बाल्टिमोरवेडा: काका, तो ‘कुणीतरी’ मीच. तुमच्या ठाण्याचा प्रमुख कॅप्टन फुरिलो दिवसभर संत. डेव्हनपोर्टबाई आरोपींच्या बाजूच्या सरकारी वकील. दिवसा दोघांचं एकमेकांविरुद्ध भांडण, रात्री एकाच घरात, तेही चोरून. हे वास्तव? ‘द वायर’ लिहिणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या पेपरात गुन्हेवार्ताहर होता, त्याचा जोडीदार एड बर्न्स तर पोलीस खात्यातच होता. तुमच्या मालिकेचा कर्ता बोचको कुठल्या ठाण्यात बसला होता? बरं, शहराला नावसुद्धा नाही. ठाण्याची इमारत शिकागोची, बाकी चित्रीकरण बहुतेक लॉस एंजेलिसचं.

जर्सीकर: नाव नाही म्हणूनच ते कुठलंही शहर वाटतं. पहिल्याच भागात हिल आणि रेंको हे दोन शिपाई गस्तीवर असताना गोळ्या खातात, आणि आपण ज्यांच्यात जीव गुंतवायला लागलो तेच खाली पडतात. पहिल्या वर्षी प्रेक्षक इतके कमी की मालिका बंदच व्हायची, तरी त्या वर्षी टीव्हीचे आठ एमी पुरस्कार घेऊन आली.

वेताळटेकडी: एमी मिळाली म्हणजे खरं झालं का? आपली ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ चालली. दार तोडायचं की झाला तपास.

लाईनबॉय: हजेरीवरून लिहितो. माझे वडील हवालदार, आम्ही पोलीस लाईनीत वाढलो. आदल्या रात्री ब्रासोने पट्ट्याचं बक्कल घासायचं काम माझं. बोटं काळी व्हायची, वास शाळेपर्यंत यायचा. हजेरीत कुणी ‘सांभाळून राहा’ म्हणत नसे, बंदोबस्ताचे पॉइंट वाटत. चौदा वर्षांत त्यांनी आमच्याबरोबर एक विसर्जन पाहिलं नाही. तुम्ही टीव्हीवरच्या हजेरीवर भांडताय.

मुक्ता_क: वडिलांबद्दल आदर आहे, दादा. पण माझा फोन बसमध्ये मारला, तक्रार द्यायला गेले तर अंमलदार म्हणे, “चोरी नको, गहाळ लिहा.” दोन तास बाकड्यावर बसवलं. समोर चहा आला, मला पाणीसुद्धा नाही. तेव्हा ठाण्यातल्या माणसांचं दुःख जरा बेतानं सांगा.

लाईनबॉय: तो अंमलदार किती तासांच्या ड्युटीवर होता, विचारलंत? नसेलच. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार ठाण्यात सुरू व्हायला २०१६ उजाडलं. त्याआधी बारा तास, आणि सणावाराला तर मोजायचेच नाहीत.

मुक्ता_क: झोप झाली नाही म्हणून चोरीचं गहाळ होतं? बारा तास नर्सही उभ्या असतात. त्या पेशंटला ‘आजारी नको, दमलेला लिहा’ म्हणत नाहीत.

लाईनबॉय: नर्सना आकडे कमी दाखवायला वरून फोन येत नाहीत, ताई. शिपायाला कोण विचारतो?

बाल्टिमोरवेडा: थांबा, थांबा! वरून आकड्यांचा दट्ट्या आणि खाली गुन्ह्याचं नाव बदलायचं, ‘द वायर’ हेच तर पाच सीझन सांगते. मुक्ताताई, तुमचा फोन माझ्या बाजूने साक्षीला आला.

मुक्ता_क: फोन मिळालेला नाही अजून. साक्ष ठेवा तुमच्याकडे.

जर्सीकर: धाग्याचं पार भजं केलंत. एवढं तरी ऐका. एस्टरहाउस करणारा मायकेल कॉनरॅड १९८३च्या नोव्हेंबरात गेला. मालिकेत सार्जंटलाही मरण दिलं. नवा आला जाब्लॉन्स्की. त्याचं हजेरीतलं वाक्य वेगळं, ते आपल्याला करायच्या आत आपण त्यांना करू. माणूस बदलला की खोलीची भाषा बदलते, हे १९८४ला दाखवलं होतं. सायमनसाहेब तेव्हा नुकतेच नोकरीला लागले असतील.

बाल्टिमोरवेडा: बरं बाबा, आजोबा मान्य. नातू उंच आहे एवढंच म्हणतो.

वेताळटेकडी: दया, या धाग्याचं दार तोड.

लाईनबॉय: काका, पहिला भाग कुठे बघायला मिळेल? हजेरीपुरताच बघेन. आमचे हवालदारसाहेब घरातून निघताना एकच विचारायचे, डबा भरला का? सांभाळून राहा हे आई म्हणायची, तेही ते जिना उतरून गेल्यावर.